महाराजांच्या पगडीची मागची बाजू

नरसोजीराजांच्या दरबारात एक कडक रिवाज होता. राजांनी विचारल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. कारभारात शिक्षक, वकील, दुकानदार यांचीही सभा असावी, असं केशव मास्तर न विचारता बोलून गेले आणि थेट तुरुंगात पोचले.

त्यांचा धाकटा भाऊ दत्तू शिंपी. तिसरीतून शाळा सोडलेला आणि डोक्याने गरम. दादाशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरेना. एके सकाळी राजे हत्तीवरून नगरफेरी करून परतले, तसा तो त्यांच्या मागोमाग दरबारात घुसला.

"दादाला सोडा, महाराज!"

राजे सिंहासनावर बसत हसले. "सभा कशाला हवी रे तुझ्या दादाला? मला दिसत नाही असं या राज्यात आहे तरी काय? एक गोष्ट दाखव, सोडतो त्याला. नाहीतर शेजारची कोठडी तुझी!"

"विचारलंत म्हणून सांगतो, महाराज. तुमच्या पगडीला मागून कबुतराची शीट लागलीय."

राजांनी पगडीमागे हात फिरवला. बोटं पांढरी झाली.

"दिवाणजी, तुम्हाला दिसली नाही?"

"दिसली, सरकार. पण आपण विचारलं नव्हतं."

"साऱ्या गावाला दिसली," दत्तू म्हणाला. "हे सांगायलाच दादाला सभा हवी होती."

राजांनी बोटं पुसली.

"मास्तरांना सोडा," ते म्हणाले. "आणि सभाही बसवा. पण माझ्या पाठीमागे बसवा!"