वाजवून पाहिलेली पाळाई

रांजणवाडीच्या तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पाळाईचं ठाणं आहे. मूर्ती नाही, शेंदूर माखलेला, नाकडोळे नसलेला हातभर उंचीचा दगडी तांदळा आहे. पाहुणे, तुम्ही चैत्रातल्या जत्रेला आलात तर आधी दचकाल. ओटी भरायच्या आधी, नारळ फोडायच्या आधी इथला प्रत्येक माणूस उजव्या हाताचं मधलं बोट दुमडतो आणि देवीच्या कपाळावर टकटक करतो, बाजारात माठ घेताना करतात तशी. कान देऊन ऐकतो आणि मगच पाया पडतो. सगळ्यांत पहिला मान पाटलाच्या घरचा. म्हणायला मान, पण त्यातून त्यांची सुटका नाही. बाहेरगावचे लोक याला देवीचा अपमान म्हणतात. म्हणोत बापडे. अपमान कसा करतात हे या गावानं एकदा चांगलं करून दाखवलेलं आहे.

सहा-सात पिढ्यांमागची गोष्ट, असं सांगतात. तळ्याच्या उत्तरेला कुंभारांची सहा घरं होती. काठची चिकणमाती खणायची, मळायची, भांडी घडवायची आणि गावाला पुरवायची, एवढंच त्यांचं जगणं. त्यांतल्या गेनू कुंभाराची बायको सुंद्रा. चाक गेनू फिरवी, पण ओलं भांडं थापटण्यानं, म्हणजे लाकडी फळीनं, ठोकून वाढवणं आणि भट्टीतून निघाल्यावर वाजवून निवडणं हे सुंद्राचं काम. तिच्या हातची कळशी पाण्याला खोटी ठरत नसे. पाच कळशा म्हणजे एक रांजण, यात ओंजळीचाही फरक पडायचा नाही, अशी तिची ख्याती होती म्हणे.

एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी अच्युतबुवा नावाचा एक गोडबोल्या गावात आला आणि शिदोजी पाटलाच्या ओसरीवर उतरला. चौथ्या दिवशी त्याला दृष्टांत झाला. पाळाईचं खरं, पाषाणाचं मुख तळ्याच्या गाळात रुतलंय, काढा म्हणून देवी सांगतेय. त्यानं दाखवलेल्या जागी खणलं, तर काळंभोर, तुकतुकीत, मोठ्या डोळ्यांचं मुख निघालं. ते तांदळ्यापुढे बसवलं, वर लुगडं नेसवलं, मुकुट घातला. गाव वेडं झालं. सुंद्राही झाली. लेकीच्या पायांतले चांदीचे वाळे काढून तिनं देवीला वाहिले. ते मुख गाळात कुणी आणि कधी पुरलं, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही.

आठवड्यानं देवी रडू लागली. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, दोन्ही डोळ्यांच्या कडांतून पाणी पाझरून गालांवर उतरू लागलं. बायका हंबरडा फोडून आडव्या पडल्या. बुवानं डोळे मिटले, मान डोलावली आणि देवीचं दुःख सांगितलं. तळं हे तिचं अंग आहे आणि ते अंग रोज कुदळीनं खणलं जातंय.

तळ्याकाठी कुदळ कोण चालवतं हे गावाला सांगावं लागलं नाही. पाटलानं तिथल्या तिथं निवाडा दिला. चैत्री पुनवेला कुंभारांनी आपली चाकं आपल्या हातानं तळ्यात बुडवायची आणि बायकापोरांसह शिवेबाहेर व्हायचं. पाटलाचा डोळा त्या काठावर होता. गाळाची जमीन, पाण्याला लागून. तिथं सोन्यासारखा मळा पिकला असता. आज हे शेंबडं पोरही सांगेल. तेव्हाच्या शहाण्यासुरत्यांना ते कळलं नाही म्हणतात. कळलं नाही कसलं, कळून घ्यायचंच नव्हतं. कालपर्यंत सुंद्राला ‘एवढा माठ चांगला निवडून दे गं बाई’ म्हणणाऱ्या बायका तिला बघून वाट बदलू लागल्या. तिच्याच माठातलं गार पाणी पिऊन तिला पापीण म्हणू लागल्या.

कुंभारांना गाभारा बंद झाला. मात्र देवळाला मडकी पुरवायचं काम सुटलं नव्हतं. त्यासाठी ते पापी चालत होते. सुंद्रा रोज सकाळी भांडी घेऊन जाई आणि बाहेर उभी राही. आत बुवा देवीच्या डोक्यावरचा मुकुट उतरवून पाच कळशांचा अभिषेक करी. ते पाणी गोमुखातून बाहेरच्या रांजणात पडे आणि लोक तीर्थ म्हणून नेत. कळशा सुंद्राच्या, रांजणही सुंद्राचा. नुसता तांदळा होता तेव्हा पाचव्या कळशीला रांजण काठोकाठ भरायचा. आता तो चार बोटं रिता राहत होता. एक दिवस तिला वाटलं, पाणी सांडलं असेल. दुसऱ्या दिवशी तिनं खाली वाकून जमीन चाचपली. ती कोरडी होती. तिसऱ्या दिवशीही चार बोटंच. चौथ्या दिवशी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी आल्यावर तिनं गेनूला सांगितलं. गेनू भित्रा माणूस. चाकाची दोरी सोडवत तो म्हणाला, “गप बस. देवाला मापं लावू न्हाईत.”

“देवाला कुठं लावतीया? माझ्या कळशीला लावतीया,” सुंद्रा म्हणाली. “ते पानी त्या मुखाच्या आत जातंय. आन् मंग डोळ्यातनं भाईर येतंय. माठ पाझरतो तसं.”

“माठ पाझरतो. दगूड न्हाई.”

“तेच म्हनतीया मी.”

पुनवेच्या दिवशी देवळापुढे मुंगी शिरायला जागा नव्हती. सहाही घरांची चाकं आणि थापटणी पाळीवर आणून ढीग घातला होता. गेनूच्या डोक्यावर फुटकं खापर ठेवून त्याला सर्वांपुढे उभं केलं होतं. सुंद्रा उठली आणि थेट गाभाऱ्यात शिरली. कुणी अडवायच्या आत तिनं बोट दुमडून देवीच्या कपाळावर टकटक केली. बद्द, बद्द असा आवाज आला. पाण्यानं भरलेल्या मडक्याचा असतो तसा.

“ऐकलं का?” ती ओरडली. “दगूड असा वाजतो व्हय रं? धा येळा वाजवल्याबिगर माठ घेत न्हाई तुम्ही! आन् देव घेताना कान कुठं ठिवलं व्हतं?”

बुवा किंचाळला, “बाटवली! देवी बाटवली हिनं!”

खरं तर हात लावून ऐकायचं तेवढं काम होतं. एका माणसानं पुढं होऊन एकदा वाजवलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. कुणी वाजवलं नाही. लोक सुंद्रावर धावले. पाटलाची माणसं नव्हेत, गावचेच लोक. तिचे माठ घरात असलेले, तिच्या लेकीच्या बारशाला जेवून गेलेले. तिला केसांना धरून उंबऱ्याबाहेर ओढलं. जो हात देवीला लागला तो पायरीवर ठेवला आणि दगडानं ठेचला. दगड कुणी घातला त्याचं नाव गावात कुणी घेत नाही. आमच्यापैकीच एकाचा पूर्वज असणार, दुसऱ्या कुणाचा असायचा?

सुंद्रा किंचाळली तसं गेनूच्या डोक्यावरचं खापर खाली पडलं. जन्मात आवाज न चढवलेला तो माणूस. चाकांच्या ढिगातून त्यानं थापटणं उचललं, गर्दीतून वाट काढली आणि देवीच्या तोंडावर सगळ्या ताकदीनं हाणलं.

मुख फुटलं. आतून भसाभस पाणी आलं, शिळं, वास मारणारं, हिरव्या शेवाळाचं. ते उंबऱ्यावरून वाहत लोकांच्या पायांखाली गेलं. जाड खापराचे तुकडे पडले, वरून काळे, आतून विटकरी. मुकुटाखाली टाळूला भोक होतं. बाहेरून सगळीकडे लाखेचा हात मारलेला होता, डोळ्यांच्या कडा तेवढ्या खरवडून सोडल्या होत्या. घरोघरी माठ दिवसभर पाझरताना बघणाऱ्या गावाला भाजक्या मातीच्या पाझरानं महिनाभर रडवलं होतं.

बुवा त्या गोंधळात पळाला. त्याला कुणी धरलं नाही; जो तो आपल्या ओल्या पायांकडे बघत होता. पाटलानं कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाला, “मीबी फसलो की रं तुमच्यावानीच.” लोकांनी ते लगेच मान्य केलं. पाटील फसला म्हटलं की आपणही नुसते फसलेले ठरतो, हात ठेचणारे ठरत नाही. माणसाला अशी सोय झाली की तो ती सोडत नाही. पाटील पाटीलच राहिला. कुंभारांचा काठ सुटला नाही, एवढं एक बरं झालं.

पुढं पंचांनी ठरवलं, की इथून पुढं पाळाईला वाजवल्याशिवाय कुणी पाया पडायचं नाही आणि पहिलं बोट पाटलाचं. तांदळा अस्सल दगडाचा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. टकटक केली की बोटाचं हाड दुखतं. ते दुखावं म्हणूनच तर.

पण सुंद्राच्या हातातली बोटं पुन्हा वळली नाहीत. थापटणं धरायचा तो हात गेला तो गेलाच. नवरात्र जवळ आलं तेव्हा गावातल्या बायका लुगडंचोळी, खण-नारळ घेऊन तिच्या दारी गेल्या, रडल्या, पाया पडल्या आणि घटस्थापनेचा घट तिच्याच घरचा हवा म्हणाल्या. तिनं लुगड्याला हात लावला नाही, म्हणे. वेडावाकडा पंजा पुढं धरला आणि म्हणाली, “हात बरा झाला की घट दीन.” दरसाल बायका गेल्या, दरसाल तेच उत्तर. सुंद्रा वारल्यावर गावाला वाटलं, आता मिटलं. म्हणून लोक लेकीकडे गेले. वाळे गेलेली ती लेक. तिचे दोन्ही हात धडधाकट होते. तिनं उजवा हात पुढं केला आणि म्हणाली, “हात बरा न्हाई अजून.”

आजही रांजणवाडीत कुंभारांची सहा घरं आहेत आणि त्यांची मडकी तालुक्याच्या बाजारात नावाजली जातात. आजही घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सगळं गाव खण-नारळ घेऊन कुंभारवाड्यात जातं, पुढं पाटलाच्या घरची सून. सगळ्यांत थोरली कुंभारीण दारात येते, पदराआडून उजवा हात काढते, पाचही बोटं उघडून दाखवते आणि म्हणते, “हात बरा न्हाई अजून.” कुणी वाद घालत नाही. खण-नारळ उंबऱ्यावर ठेवून गाव तसंच पुढं निघतं आणि चार कोस चालून दुसऱ्या गावच्या कुंभाराकडून घट घेऊन येतं.