कडी लावलेली घरं

एका राज्यात प्रधान एकदा राजाच्या कानाशी लागला, की खेड्यांना राजकोठारातून दरसाल धान्य जातं ते आता कशाला? खेडी सुधारली. नगरातली माणसं खातात तेच तीही खातात. राजा म्हणाला, कोणीतरी पाहून या. अंतर उरलं नसेल तर कोठाराला कुलूप घालू.

पाहायचं काम आलं माईंकडे. माई म्हणजे नदीकाठच्या मठातल्या वृद्ध ज्ञानी बाई. त्यांच्या जिभेला राजासुद्धा वचकून असे. त्यांनी आपला सर्वांत हुशार शिष्य पाठवला, कुठलंही दार उघडावं म्हणून राजाने दिलेली राजमुद्रा त्याच्या कमरेला बांधून. शिष्य प्रामाणिक होता, हे आधीच सांगितलेलं बरं. त्याने ओळखीची घरं धरली नाहीत. नगरात आणि खेड्यांत चिठ्ठ्या टाकल्या आणि निघतील त्या घरी जाऊन धान्य किती लागतं, तेल किती, कापड किती, सगळं विचारलं.

परतला तो हर्षभरित होऊन. उद्या दरबारात बोलायचं होतं. अंगणात माई भाजी निवडत होत्या, त्यांच्यापुढे त्याने निष्कर्ष मांडला. अंतर नाममात्र आहे, नगरातला माणूस तूप जरा जास्त खातो इतकंच.

माईंनी विचारलं, चिठ्ठीतली सगळी घरं भेटली का?

काही नाही भेटली, तो सहज म्हणाला. खेड्यांत काही दारांना बाहेरून कडी होती, एका घरची बाई तर वीटभट्टीवर गेली होती म्हणे, तिथे शेजारचं उघडं घर घेतलं. नगरात हवेल्यांच्या द्वारपालांनी आत सोडलं नाही, तिथे मागच्या गल्लीतलं साधं घर घेतलं. संख्या कुठे कमी पडू दिली नाही.

माईंचा हात थांबला. पण त्या एवढंच म्हणाल्या, "भूक लागली असेल. नदीवर जाऊन अंघोळ करून ये. पानं वाढते."

सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. ओल्या केसांनी धावतपळत परतला, तर पंगत उठत आलेली, भांडी खरवडलेली, आणि त्याच्या पाटावर मठाशेजारचा तेलाचा व्यापारी मांडी घालून शेवटचा भात कालवत होता.

"आमटी झकास होती हो महाराज," व्यापारी ढेकर देत म्हणाला. "माईंनी हाक मारली, नाही कसं म्हणायचं?"

शिष्याचं डोकं तापलं. "माई, माझं पान?"

"तुझ्या खोलीला कडी होती," माई म्हणाल्या. "शेजारचं दार उघडं दिसलं, यांना बसवलं. पानं मोजून घे. एकही कमी नाही."

"पण मी नदीवर होतो. तुम्हीच पाठवलंत मला."

"हो, मीच पाठवलं. आणि त्या कडीवाल्या घरातल्या बाईला वीटभट्टीवर कोणी पाठवलं? विचारलंस?"

शिष्याच्या डोळ्यांपुढे ते दार आलं. कुलूप नव्हतं, कडीत नुसती चिंधी अडकवली होती. आत चोरण्यासारखं काही नसेल, हे तेव्हा त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"भर दुपारी खेड्यात कोणाचं दार उघडं असतं रे?" माईंचा आवाज चढला. "झोपाळ्यावर बसून ज्याचं भागतं, त्याचं. जिला दिवसभर राबून संध्याकाळचं पीठ आणायचंय, तिच्या दाराला कडीच असणार. तिची भूक तू शेजाऱ्याच्या ताटात पाहिलीस. आणि हवेलीपाशी? द्वारपालाने हटकलं आणि वळलास. कमरेला राजमुद्रा होती ना? ती काय दागिना म्हणून बांधली होतीस? खेड्यातला उपाशी वगळलास, नगरातला माजलेला वगळलास, मधले तेवढे वेचलेस आणि म्हणतोस अंतर मिटलं. मिटलं नाही, तू पुसलंस. उद्या कोठाराला कुलूप लागेल ते तुझ्या तोंडाने. मग वाढ तिच्या पोरांना तुझी संख्या."

व्यापारी खाली मान घालून हात धुवायला उठला. शिष्याचा राग कुठल्या कुठे गेला. राहिली ती नुसती भूक.

त्याने दरबारात निरोप धाडला, की माझं उत्तर चुकलं आहे, ते पुरं होईतो कोठाराला हात लावू नये. प्रधानाने आदळआपट केली, पण राजाने कुलूप थांबवलं. शिष्य तसाच उपाशीपोटी खेड्याच्या वाटेला लागला.

चिंधीच्या दारापुढे तो बसून राहिला. शेजारच्या झोपाळ्यावरून हाक आली, की ती बाई काही लवकर यायची नाही, इकडे येऊन टेका, ताक घ्या. तो हलला नाही.

दिवेलागणीला ती आली. केसांत विटांची लाल धूळ, मागे पोरं.

"कोणाकडे आलात, महाराज?"

"तुमच्याकडेच."

आज काय शिजवणार, असं त्याने विचारलं. थट्टा करतोय की काय, म्हणून तिने त्याला जरा निरखून पाहिलं. मग पदराची गाठ सोडून दाखवली. मूठभर कण्या होत्या.

"ह्यातच सगळ्यांचं," ती म्हणाली. मग अवघडून विचारलं, "तुम्ही जेवून आलात ना?"

तो हो म्हणाला.

ज्यांना लोकांची भूक मोजायची आहे, त्यांनी दिवेलागणीला जावं.