डोहावरचा मांडव

त्या पठारावर ढग पुष्कळ येत आणि पाऊस फार थोडा पडे. पावसाळ्याचे ऐन भराचे महिने ढग डोंगरापलीकडेच घालवत. परत जाताना मात्र त्यांच्या फळ्या पठारावरून सरकत, एकीमागून एक, लग्न उरकून घरी निघालेल्या वऱ्हाडासारख्या. त्यातली एखादी वाटेत थांबली, तर पठाराचं वर्ष निघे. त्या वर्षी हस्त कोरडा गेला होता. पठाराच्या मधोमध एक डोह होता, त्यात आता पाणी कमी आणि चिखल जास्त उरला होता.

डोहात मरळ राहत असे. पाणी आटू लागलं तसे बाकीचे मासे ओढ्यातून खाली निघून गेले. मरळीला जाता आलं नाही, कारण तिची पिल्लं अजून जिऱ्याएवढी होती, लालसर, पुंजक्याने तिच्या डोक्यावर तरंगणारी. मरळ हवेत थोडा वेळ दम धरते, चिखलावरून सरपटतेसुद्धा. पिल्लांना यातलं काहीच येत नाही. परतीचा पाऊस डोहात पडला तर ती जगणार होती, आणि नाही पडला तर मरणार होती. मरळ रोज सकाळी पाण्याबाहेर तोंड काढून आभाळ बघे आणि पिल्लांना सांगे, "येईल आज."

पठाराचा कारभार गव्याकडे होता. गवा अंगाने मोठा आणि मनाने चांगला. फक्त त्याला कशाचं वाईट वाटायचं असेल, तर ते आधी कोणीतरी सांगावं लागे. सांगायचं काम मुंगूस करी. आभाळाचा अंदाज टिटवीकडे होता. सकाळी मोठ्या दगडावर उभी राहून ती खणखणीत आवाजात म्हणे, "ईशान्येकडून एक फळी सरकते आहे. विभागात काही ठिकाणी पाऊस पडेल, काही ठिकाणी पडणार नाही. पावसाची गरज आहे." यातलं शेवटचं वाक्य रोज खरं ठरे, त्यामुळे टिटवीचा शब्द कधी चुकत नाही असा तिचा लौकिक होता.

पहिली फळी आली. तिची सावली डोहावरून गेली, पिल्लं घटकाभर सुखावली, आणि ढग पलीकडच्या मुलखात जाऊन बरसले. ओल्या मातीचा वास तेवढा इकडे आला. गव्याने सभा बोलावली.

"का गेले ते?" त्याने विचारलं.

"थांबतील कशाला, साहेब?" मुंगूस म्हणाला. "इतक्या लांबून आले बिचारे, आणि आपण त्यांना उघड्यावर ठेवलं. बसा म्हणायलासुद्धा कोणी नव्हतं."

सभेने माना खाली घातल्या. त्या मुलखात पाहुण्याला उघड्यावर ठेवण्याइतका मोठा अपमान नव्हता. कोणी येवो, सोयरा येवो की भांडायला आलेला शेजारी, आधी मांडव पडे आणि मग बोलणं होई. गव्याच्या आजोबांचा जन्म मांडवातला, आणि ते गेले तेही मांडवातच. अशा मुलखातून पावसासारखा पाहुणा तसाच गेला, हे ऐकून गव्याला मनापासून वाईट वाटलं. मांडव घालायचं एकमताने ठरलं.

एका साळिंदराने मात्र विचारलं, "पण पाऊस मांडवात शिरणार कसा?"

"पाहुणा स्वतःहून शिरत नसतो," मुंगूस म्हणाला. "त्याला मानाने आत आणावं लागतं. त्यासाठी स्वागत समिती असते. तुम्हीच या की समितीत." साळिंदर समितीत गेलं. तिथे बसायला गवताची गादी होती, आणि पुढे त्याने काही विचारलं नाही.

मांडव कुठे घालायचा यावर थोडी ओढाताण झाली. शेवटी गव्यानेच न्याय केला. जिथे पावसाची गरज सगळ्यांत जास्त, मान तिथला. मांडव डोहावर पडेल. हे कळलं तेव्हा मरळीला भरून आलं. इतकी वर्षं तिच्या दाराशी कोणी फिरकलं नव्हतं, आणि आता मुलखाचा मांडव तिच्या डोक्यावर पडणार होता.

पानं शिवून घरटं करणारा शिंपी पक्षी कामाला लागला. पळसाची पानं वाळून कडकडीत झाली होती, टाका घालताच फाटत. ती भिजवायला पाणी हवं होतं, आणि पाणी एकाच ठिकाणी होतं. मुंगूस डोहाच्या काठावर आला.

"मरळबाई, तुमचंच कार्य आहे."

"घ्या की," मरळ म्हणाली. "पण पाऊस आणा तेवढा."

दुसरी फळी मांडवावरून न थांबता गेली. मांडव लहान पडला, असं ठरलं. एवढ्या मोठ्या मंडळींना एवढ्याशा छपराखाली बोलवायचं म्हणजे चेष्टाच की. मांडव चारही बाजूंनी वाढवला. नव्या पानांसाठी पुन्हा पाणी गेलं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की पाहुण्याच्या वाटेवर सडा नाही. सडा नको कसा म्हणणार? मरळीने तोही दिला. आता तिची पाठ पाण्याबाहेर उघडी पडू लागली, आणि पिल्लांचा पुंजका तिच्या पोटाखालच्या खळग्यात आला. मांडवाने आभाळ दिसेनासं झालं होतं. तिने पिल्लांना सांगितलं, "तयारी चालली आहे आपल्यासाठी. दम धरा."

तिसरी फळी आली आणि चक्क थांबली. मांडव खचाखच भरला होता. गव्याने स्वागताचं भाषण सुरू केलं. आधी पठाराचा इतिहास सांगितला, मग आजोबांचा, मग पाहुण्यांच्या घराण्याचा. वर गडगडलं. भाषण ऐन रंगात आलेलं असताना पाच-सात मोठे थेंब टाक्यांच्या फटींतून खाली आले. एक गव्याच्या कपाळावर पडला, बाकीचे डोहात. पिल्लं उसळली. मरळीने इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा खेळ पाहिला, आणि तिला वाटलं, आता जगली पोरं.

मांडवात मात्र मान खाली घालायची पाळी आली होती. भर समारंभात, साहेबांच्या कपाळावर, गळती. मुंगसाने भाषण थांबवलं. मंडळी आवराआवर करीत उठली, आणि या गडबडीत ढगही निघून गेले.

चौकशी झाली. शिंपी पक्ष्याला उभं केलं.

"पाहुण्यांनी काय म्हणावं आपल्याला?" मुंगूस म्हणाला. "दारात आले आणि छप्पर गळताना पाहून गेले. शिंपीदादा, अब्रू घालवलीत मुलखाची."

शिंपी पक्ष्याला आपल्या टाक्याचा अभिमान होता. तो त्या दिवशी रडला. मग त्याने मधमाश्यांकडून मेण आणलं, बाभळीचा डिंक आणला, आणि टाका न् टाका लिंपून काढला. पानांवर पानांचा दुसरा थर घातला. पाहुण्यांच्या पायाला चिखल लागू नये म्हणून मांडवाच्या कडेने चर खणला आणि तो उताराने मुलखाच्या हद्दीबाहेर काढून दिला. काम इतकं सुरेख झालं होतं की बघणारे बघत राहिले. मरळीनेही खालून पाहिलं. एवढी मेहनत कोणी कोणासाठी करत नाही, असं तिला वाटलं. बोलायला मात्र तिला दम उरला नव्हता.

स्वाती लागल्या. टिटवीने दगडावरून सांगितलं, "शेवटची फळी सरकते आहे. यानंतर आभाळ निवळेल. पावसाची गरज आहे."

दुपार टळता टळता फळी आली, काळीभोर, रुंद. पठाराच्या बरोबर मध्यावर येऊन थांबली आणि कोसळली. तसा पाऊस कोणी ऐकला नव्हता. ऐकला म्हणायचं, कारण पाहायला मांडवाबाहेर कोणी नव्हतंच. पानांच्या छपरावर असा ताशा वाजू लागला की गव्याचे डोळे भरून आले. प्राणी एकमेकांच्या गळ्यात पडले. साळिंदराने आनंदाने काटे खळखळवले, तशी आजूबाजूची मंडळी जरा सरकली. मुंगूस छपराखालून फेरी मारून आला आणि त्याने गव्याच्या कानात सांगितलं, "साहेब, एक थेंब आत नाही." गव्याने शिंपी पक्ष्याला जवळ बोलावून त्याची पाठ थोपटली.

"आला गं आला," मरळ पिल्लांना म्हणत होती. पिल्लं वर तोंड करून वाट पाहत होती. आवाज वाढत गेला, आणि खळगा तेवढाच राहिला, नंतर त्याहूनही थोडा कमी झाला, कारण नाचणाऱ्यांच्या खुरांनी काठचा चिखल आत ढासळला. एक पिल्लू आडवं झालं. मग दुसरं.

तेव्हा मरळ खळग्यातून बाहेर पडली. भेगाळलेल्या चिखलावरून, पायांच्या गर्दीतून, पोट खरवडत ती मांडवाच्या कडेला पोचली. छपरावरून पाण्याचे पडदे सुटले होते आणि चर दुथडी भरून हद्दीबाहेर धावत होता. तिला उडी मारता आली असती. चरातून वाहत जाऊन पलीकडच्या मुलखात ती सुखाने जगली असती. तिने तोंड भरून पाणी घेतलं, ओठ मिटले आणि ती मागे वळली.

परतताना ती मुंगसाच्या नजरेस पडली.

"अरे, या या," तो म्हणाला आणि त्याने गर्दी बाजूला केली. "मंडळी, शांत व्हा. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप केला, त्या मरळबाई आपल्यात आल्या आहेत. डोहाच्या वतीने त्या आता दोन शब्द बोलतील."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. गवा खाली वाकला. "बोला बाई," तो मायेने म्हणाला. "संकोच करू नका. आपलं माणूस समजा."

मरळीने गव्याकडे पाहिलं, मुंगसाकडे पाहिलं. तिच्या गळ्यापर्यंत शब्द आले होते, आणि ते थोडेच होते. छप्पर फाडा, एवढंच सांगायचं होतं तिला. तिने ओठ आणखी घट्ट मिटले. तोंडाच्या कोपऱ्यातून एक थेंब निसटला, गालावरून ओघळला.

"भारावून गेल्या," मुंगूस हलकेच म्हणाला.

टाळ्या पडल्या. छपरावरचा पाऊस आणि त्या टाळ्या यांचा आवाज एकच झाला. टिटवीने डोळे पुसले आणि उद्याच्या अंदाजाची जुळवाजुळव सुरू केली. विभागात सर्वत्र समाधानकारक पाऊस. गर्दीने मरळीला अदबीने वाट करून दिली. ती सरपटत खळग्याशी गेली आणि तिने तोंडातलं पाणी पिल्लांवर सोडलं. आडव्या झालेल्यांतलं एक हललं.

ती पुन्हा वळली. तिला परत येताना पाहून गव्याने हात वर केल्यासारखा पुढचा पाय उचलला, आणि मांडव चिडीचूप झाला. आता बाई सावरल्या आहेत, आता बोलतील, असं सगळ्यांना वाटलं. तिचं तोंड आता रिकामं होतं, बोलता आलं असतं. पण त्या शांततेत छपरावरचा ताशा मंदावलेला तिला ऐकू आला, आणि समोर कडेचं पाणी धारेवरून थेंबांवर येत होतं. ती गव्याच्या पायांमधून तशीच पुढे सरपटत गेली.