जोड माडांची होडी

एका राज्यात होडी सुटण्याआधी शंख वाजत असे. फार वर्षांपूर्वी तो मी ऐकला आहे. आवाज मोठा नव्हता. लांबच्या कुरणात गाय हंबरावी, तेवढाच. पण तो ऐकला की माणसे बोचकी उचलून धावत.

त्या होडीला वल्हे नव्हते, शीड नव्हते. खाडीच्या तळाशी अंबुनाथ नावाचा मांत्रिक राहत असे, त्याच्या शब्दावर ती चाले. त्याला वरचे काही दिसत नसे. पाण्याकडे तोंड करून जे बोलावे, ते मात्र ऐकू जाई.

त्या राज्यात आणखी एक रीत होती. बहिणीला मूल झाले की मामाने आजोळच्या विहिरीचे पाणी न्यावे आणि बाळाच्या डोळ्यांना लावावे. बारशाचा सूर्य मावळण्याआधी ते लागले नाही, तर बाळाचे डोळे जन्मभर मिटलेले राहत.

भानजी लोहाराच्या बहिणीला, सुंदराला, मुलगी झाली. बारशाच्या सकाळी भानजी पाण्याचा तांब्या घेऊन होडीत बसला. माणूस मायाळू, पण राग नाकाच्या शेंड्यावर. शंख वाजला, होडी निघाली आणि सुंदराच्या वाडीला लागायची ती दुपार कलता एका ओसाड बेटाला लागली. भानजीने वाडी आली समजून खाली उडी मारली. होडी वळली आणि रिकामीच परत गेली.

बेटावर घर नव्हते, माणूस नव्हते. दोन माड आणि काठभर बगळे. भानजीने तांब्या वाळूत ठेवला, कमरेवर हात ठेवले आणि पाण्याकडे तोंड करून छाती भरून घेतली.

"दे, दे शिवी," जवळची बगळी म्हणाली. "माझ्या शेजारी जागा आहे."

भानजीने तोंड मिटले. "तू कोण?"

"चंद्री कासारीण. बांगड्यांची पेटी घेऊन लग्नघरी निघाले होते. होडीने इथे उतरवले. मी अंबुनाथाच्या सात पिढ्या काढल्या आणि चोच फुटली. हे सगळे तसेच. तो पलीकडचा तर सावकार होता, अजून मान वर करूनच उभा असतो."

"मग मी काय करू? संध्याकाळी सूर्य मावळेल, बाई. माझी भाची आंधळी राहील."

"गावात देवापुढे गाऱ्हाणे घालतात, तसे घाल. एकाने सांगायचे, बाकीच्यांनी होय महाराजा म्हणायचे. तीन वाक्ये. काय ठरले होते, काय झाले, काय हवे. आम्हा पाखरांना गाऱ्हाणे घालता येत नाही. साथ देता येते."

"हे तुम्हाला आधी नाही सुचले?"

"बगळा झाल्यावर विचाराला वेळ पुष्कळ मिळतो."

भानजीने पाय धुतले, हात जोडले.

"बा अंबुनाथा महाराजा, शंख वाजला तेव्हा ही होडी सुंदराच्या वाडीला लागेल असे ठरले होते."

"होय महाराजा!" सारे बगळे म्हणाले. पाणी जरा हलले. भानजीला चेव आला.

"आणि तिने मला उलटे करून या बेटावर फेकले. सकाळपासून मी उपाशी मरतो आहे!"

कोणी होय म्हणाले नाही. पाणी थांबले. भानजीच्या मनगटावर एक पांढरे पीस फुटले.

"फेकले?" चंद्री म्हणाली. "तू आपल्या पायांनी उडी मारलीस, आम्ही बघत होतो. आणि उपाशी म्हणे. मिशीला भाकरी चिकटली आहे, ती पूस आधी. खोट्याला होय म्हणायला गेलो तर आमचा घसा धरतो."

भानजीने मिशी पुसली. लाजलाही. "वाक्य मागे घेता येते का?"

"देवापुढे येते."

मग तो हळू बोलला. "होडी वाडीला लागली नाही, महाराजा. जोड माडांच्या ओसाड बेटाला लागली. जे जे चढले, त्या सगळ्यांना तिने इथेच उतरवले."

"होय महाराजा!"

पीस गळून पडले. आता तिसरे वाक्य. 'तुझी खाडी आटो' हे शब्द भानजीच्या जिभेवर आलेच होते. त्याने तांब्याकडे पाहिले आणि ते गिळले.

"मला सूर्य मावळण्याआधी वाडीला पोचव, यांना यांची रूपे दे, आणि होडीला वाट नीट सांग, महाराजा."

"होय महाराजा!" ही हाक चोचींतून निघाली आणि संपेपर्यंत माणसांच्या तोंडची झाली. काठावर बायकापुरुष उभे होते. चंद्रीच्या काखेत पेटी होती. सावकार मान खाली घालून आपले जोडे शोधत होता.

पाणी दुभंगले आणि अंबुनाथ वर आला. म्हातारा होता, दाढीत शेवाळ होते. त्याने दोन माडांकडे बराच वेळ पाहिले.

"होडीला मी जोड माडांची खूण दिली होती," तो म्हणाला. "वाडीचे माड कुठे गेले?"

"मागच्या वादळात पडले, महाराज," भानजी म्हणाला.

"म्हणून ती इथले शोधत आली. शिव्या पुष्कळ ऐकल्या मी. होडी कुठे लागते, ते कोणी सांगितले नाही."

"तुम्हीही विचारले नाहीत, महाराज."

"नाही विचारले," अंबुनाथ म्हणाला. त्याने टाळी वाजवली, होडी आली. "वाडीवर आता कसली खूण आहे?"

"चिंच आहे. जुनी आहे, पडायची नाही."

अंबुनाथाने होडीच्या कानात चिंच सांगितली आणि सगळ्यांबरोबर स्वतःही चढला.

होडी चिंचेखाली लागली तेव्हा सूर्याची कड पाण्याला टेकत होती. भानजी तांब्या छातीशी धरून धावला. सुंदरा दारातच बसली होती, रडून रडून गप्प झालेली. "दादा," एवढेच ती म्हणाली. त्याने ओंजळीत पाणी घेतले आणि बाळाच्या एका डोळ्याला लावले, मग दुसऱ्या.

बाळाने कपाळाला आठी घातली. मग डोळे उघडले आणि पहिल्यांदा मामाची मिशीच पाहिली.

कुंपणापाशी अंबुनाथ उभा होता. अंगावरून पाणी निथळत होते. त्याने ते उघडे डोळे पाहिले. सुंदराने त्याला आत ये म्हणून हात केला. त्याने मान हलवली. मग वळला, चिंचेच्या बुंध्याला हात लावून ती पक्की आहे ना ते पाहिले आणि खाडीकडे चालत गेला.