सारजाक्कांच्या पदराच्या गाठी

मंडळी, मला एक सांगा, विश्वास कुणावर ठेवावा? शिक्का मारलेल्या कागदावर, की बाईच्या पदरावर? कोळदऱ्याच्या बाजारात आमचं तीन पिढ्यांचं दुकान, माणूस तोंडावरून ओळखायची सवय; तरी याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

रॉकेलसाठी रांगा लागायच्या, त्या काळातली ही गोष्ट. गावापुढं तिळी नदी, दवाखाना पलीकडे, आणि मध्ये पूल नाही. अडलेल्या बाईला बाजेवर घालून चौघं पाण्यात उतरायचे. सारजाक्कांची धाकटी जाऊ अशीच बाजेवरून वाहून गेली, पोटातल्या जिवासकट. आक्कांनी तिथंच काठावर पदराला गाठ मारली. म्हणाल्या, "मी इथं पूल आणीन."

गावानं त्यांना आमदार केलं. एकदा नाही, सहा वेळा. आक्का सभागृहात बोलायला उठल्या की छताचे पंखे थांबायचे, असं म्हणतात. दर अधिवेशनात कुणी ना कुणी मंत्री पुलाचा शब्द द्यायचा, आणि आक्का उभ्या उभ्या पदराला गाठ मारायच्या. अर्जाचे कागदही आक्कांनी खूप दिले होते. ते कचेरीत गहाळ व्हायचे.

एका मंत्र्यानं विचारलं, "बाई, पदराला सुपारी बांधलीय का?"

"तुमचा शब्द बांधलाय, साहेब. सुपारी असती तर केव्हाच फोडून खाल्ली असती."

सभागृह हसलं. मंत्रीही हसला, आणि जाता जाता त्यानंही एक शब्द दिला.

तीस वर्षांत सरकारं बदलली. लुगडं मात्र तेच, कधी विरलं नाही, असं म्हणतात. पदर इतका जड झाला की आक्का एका अंगाला कलून चालायच्या. कोणती गाठ कुणाची, कोणत्या दिवसाची, हे बोटांनी चाचपून सांगायच्या. पण ते ठाऊक त्यांनाच.

एका पावसाळ्यात आक्का तापानं फणफणल्या. तिळी दुथडी भरलेली. गावानं बाज आणली, तर आक्का म्हणाल्या, "माझ्यापायी चौघांना बुडवू नका." तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या अंगावर गाठ ठेवत नाहीत. "जीव अडकतो गं गाठीत," म्हातारी धुरपदा म्हणाली, आणि बाया मायेनं गाठी सोडायला बसल्या. एकेक गाठ सुटे आणि तिच्यातून एकेका मंत्र्याचा आवाज निघे, असं म्हणतात. "येत्या अधिवेशनात बघू." "पाहणी चालू आहे." "पूल झालाच समजा." आवाज वाऱ्यावर गेले. कुणी मोजले नाहीत. काठावर मारलेली आक्कांची स्वतःची पहिली गाठ तेवढी सुटेना. ती कापून आक्कांबरोबर चितेवर ठेवली, तर राखेत तशीच्या तशी सापडली.

पुढं गावानं सरकारला पुलाचं विचारलं. उत्तर आलं, दप्तरी एकही आश्वासन बाकी नाही. गावाकडे दाखवायला काय होतं? एक चुरगळलेलं लुगडं.

पूल अजून नाही. आक्कांच्या दिवशी मात्र बाया ते लुगडं काठावर आणतात, वर्षभरात मिळालेल्या प्रत्येक शब्दाची गाठ मारतात, आणि सगळं गाव मोठ्यानं गाठी मोजतं. तुम्ही आलात तर तुम्हालाही मोजायला बसवतील. कुणाची भीड धरून एक कमी सांगू नका, रागाच्या भरात एक जास्तही सांगू नका. आक्कांचा हिशेब तेवढा खरा ठेवा.