परत आणलेलं नाम

गुरूने दिलेलं नाम परत करायला निघालेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय का?

नाही ना? मग ऐका. भडगावच्या भालचंद्र कोठावदेने ते केलं.

भालचंद्रचं बाजारपेठेत घरघंट्यांचं दुकान होतं. माणूस सरळ. जुनी वस्तू नवी म्हणून त्याने कधी विकली नाही, पक्क्या पावतीशिवाय कधी काही दुकानाबाहेर जाऊ दिलं नाही. या सरळपणाचा त्याला अभिमान होता, आणि तो अभिमान तो अत्तरासारखा लावून फिरायचा.

त्या सोमवारी द्वारकाबाई दुकानात आली. सव्वा महिन्यापूर्वी तिने त्याच्याकडून घरघंटी नेली होती. नवरा गेल्यापासून गल्लीतली दळणं दळून ती घर चालवत होती.

तिने पिठाची पिशवी काउंटरवर ठेवली.

"वास घ्या, भाऊ."

पीठ करपलं होतं.

"तुमचा मेकॅनिक दोनदा येऊन गेला. अर्धा डबा दळला की घंटी तापते, मग बंदच पडते. मला ही बदलून द्या."

"ओलं धान्य टाकलं असेल तुम्ही."

"आठ वर्षांची होते तेव्हापासून जात्यावर बसतेय मी. मला ओलं-सुकं कळत नाही होय?"

"मग कंपनीला लिहा. आपल्याकडे विकलेला माल परत होत नाही. पावतीच्या मागे छापलंय."

"छापायला काय, काहीही छापता येतं! कंपनी कुठं राहते मला ठाऊक नाही. मी तुमच्याकडून नेली. वॉरंटीच्या कार्डावर शिक्का तुमचा आहे."

"असं? तर मग जा ग्राहक मंचात."

"जाईन की. हक्कच आहे माझा. पण तिथला निकाल लागेपर्यंत लोक दळणाचे डबे माझ्या दारात ठेवून वाट बघतील का, भाऊ? चार घरं आत्ताच दुसरीकडे गेलीत."

भालचंद्र दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

द्वारकाबाई थोडा वेळ उभी राहिली. मग पिशवी उचलून निघून गेली.

आपण खोटं काहीच बोललो नाही, असं भालचंद्रने मनाला सांगितलं. छापलेलं होतं ते दाखवलं. झालं.

गुरुवारी संध्याकाळी तो गिरणा नदीकाठच्या मठीत गेला. गिरजामाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी त्यांनीच त्याला नाम दिलं होतं. सोबत तुळशीची माळ, आणि हात आत घालून जपायची कापडी पिशवी, गोमुखी.

भालचंद्रने नमस्कार केला. माईंपुढे नारळ ठेवला. नारळाशेजारी गोमुखी ठेवली, आणि तिच्यावर वहीतून फाडलेलं एक पान.

"हे रे काय, भालू?"

"नाम घेतलं त्या दिवसाची नोंद आहे, माई. तारीख, तिथी, वेळ... सगळं आहे. मागाहून वाद नको."

"कसला वाद?"

भालचंद्रने घसा साफ केला.

"हे नाम चालत नाही, माई. परत घ्या... आणि जमलं तर बदलून दुसरं द्या."

माई काय काय विचारतील याची त्याने वाटेतच उजळणी केली होती. पहाटे बसतोस का? अंघोळ करून बसतोस का? जपताना कुणाशी बोलतोस का? प्रत्येकाचं उत्तर तयार होतं. एकाही उत्तरात त्याची चूक नव्हती.

माईंनी हातातली शेंग खाली ठेवली. हात पदराला पुसले. दोन्ही तळवे पुढे केले.

"दे."

भालचंद्र तसाच बसून राहिला.

"माई... तुम्ही काहीच विचारलं नाही."

"काय विचारू?"

"म्हणजे... मी नीट जपलं का... माळ कुठं पडली का... जपताना मेरूमणी ओलांडला का..."

"चालत नाही म्हणतोस ना तू?"

"हो."

"आणि माझ्याकडूनच नेलं होतंस?"

"तुमच्याकडूनच."

"मग झालं की. दे."

त्याने गोमुखी त्यांच्या हातांत ठेवली. माईंनी ती मांडीवर घेतली. वहीचं पान मात्र त्यांनी वाचलंच नाही. कागद जाड आहे, बरा आहे, असं म्हणून त्यावर तुरीचे सोललेले दाणे ठेवले.

भालचंद्रला हसू आलं. पण ते ओठांपर्यंत येईतो विरलं. त्याचा उजवा हात रिकामा होता, तरी अंगठा मधल्या बोटावरून सरकतच होता...

"माई, चूक माझीही असेल."

"असेल हो. ते मी बसून बघीन सावकाश. तू कशाला ओझं वागवतोस?"

भालचंद्रने मान खाली घातली. पन्नाशीच्या त्या माणसाला एकाएकी भरून आलं. असं, काही न विचारता, त्याच्या हातातलं कुणी कधी उतरवून घेतलं नव्हतं.

माईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पुन्हा एक शेंग उचलली.

"कुठं अडतं, तेवढं सांगून जा. म्हणजे मला बघायला बरं."

"सोमवारपासून अडतंय."

"तीन वर्षं चाललं, आणि या सोमवारी अडलं?"

"हो."

"काय होतं नेमकं?"

"डोळे मिटले की नाम येत नाही, माई. द्वारकाबाई येते."

"कोण द्वारकाबाई?"

मग त्याने सगळं सांगितलं. करपलेलं पीठ सांगितलं, दारातून गेलेली चार घरं सांगितली, पावतीच्या मागचं छापील सांगितलं. ते सांगताना आवाज बारीक झाला.

"पहिला मणी ओढला की ती येते. दुसरा ओढला, पुन्हा तीच. काल मी हट्टाने माळ पुरी केली, माई. एकशे आठ मणी. एकशे आठ वेळा ती काउंटरपाशी उभी..."

"रागावते?"

"रागावली असती तर बरं झालं असतं. नुसती उभी राहते."



शेंग फुटल्याचा आवाज झाला. खाली नदीवर कुणी तरी म्हशींना हाकारत होतं...

मग माईंनी गोमुखीतून माळ बाहेर काढली. मेकॅनिक यंत्र बघतो तशी उलटसुलट करून पाहिली. कानाशी धरली. बराच वेळ धरून ठेवली. पुन्हा आत घालून नाडी आवळली, आणि गोमुखी त्याच्या तळहातावर ठेवून त्याची बोटं आपल्या हातांनी मिटवली.

"इतकं चांगलं चाललेलं नाम मी आजवर पाहिलं नव्हतं रे, भालू."

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडण्याआधी, भालचंद्रने टेम्पोत नवी घरघंटी चढवली आणि द्वारकाबाईच्या घरून जुनी परत घेऊन आला.