ऐकणारा किती लांब बसला आहे

दूरदेशी संगीत शिकून परतलेली एक तरुणी एकदा तंजावर भागातल्या एका लहान गावी, एका वृद्ध हार्मोनियमवादकाच्या भेटीस गेली. तिला वाटले होते, तंबोऱ्याशेजारी डोळे मिटून बसलेला कुणी खिन्न तपस्वी भेटेल. गेलेल्या काळाविषयी तो बोलेल आणि बोलता बोलता त्याचा कंठ दाटून येईल. प्रत्यक्षात ओट्यावर शेवग्याच्या शेंगा मोडत बसलेले एक म्हातारे गृहस्थ दिसले. शेजारी सुनेचा मोबाइल होता, त्यावर त्याच वर्षीच्या कुठल्याशा तमिळ चित्रपटाचे गाणे लागले होते, आणि प्रत्येक शेंग बरोबर समेवर मोडत होती.

"गुरुजी," तिने वाकून नमस्कार केला.

"गुरुजी कोण? मला अण्णा म्हणतात. मद्रासच्या साऱ्या स्टुडिओंत वादक मला अण्णाच म्हणायचे." त्यांनी शेंगांचे ताट सरकवून तिला जागा करून दिली. "बस, अम्मा. हे गाणं संपू दे. मधे एक बासरी येते, ती पोराने फार गोड वाजवली आहे."

तिकडे लेकीबाळींनाही 'अम्मा' म्हणण्याची रीत आहे. तरुणीला ती ठाऊक होती, कारण अण्णांप्रमाणे तीही तंजावरच्या मराठी घराण्यातलीच. घरात मराठी आणि दाराबाहेर तमिळ अशी चेन्नईत वाढलेली. परदेशी विद्यापीठात तिने तमिळ चित्रपटसंगीताच्या चार पिढ्या अभ्यासल्या होत्या, आणि अभ्यासाअंती तिचे मत पक्के झाले होते: पहिली पिढी देवांची, दुसरी गंधर्वांची, तिसरी माणसांची, आणि चौथी यंत्रांची. प्रत्येक पिढीत गाणे एकेक पायरी खाली आले. हे तिला मनापासून वाटत होते आणि मनापासून दुखतही होते.

ती आली होती ते एक आशीर्वाद मागायला. इळंगो नावाचा तिचा शाळासोबती आता चित्रपटांना संगीत देत होता. त्याने तिला तिच्या आयुष्यातले पहिले गाणे देऊ केले होते. पण ते गाणे जवळजवळ कुजबुजत गायचे होते. तान नाही, चढाव नाही, शेवटच्या ओळीत तर सूरही अर्धा सोडून द्यायचा. "हे गाणं नाही, उसासा आहे," असे तिने त्याला सुनावले होते. त्यावर तो एवढेच म्हणाला होता, "उद्या सकाळपर्यंत सांग. नाहीतर मला दुसरी गायिका बघावी लागेल." नकार द्यायचा हे तिने ठरवलेच होते. फक्त तो नकार जुन्या पिढीच्या साक्षीने द्यावा, म्हणजे त्याला तत्त्वाचे बळ येईल, अशी तिची इच्छा होती.

अण्णांनी सारे ऐकून घेतले. "म्हणजे तुला माझा शिक्का हवा आहे," ते म्हणाले.

आतून त्यांची सून अंबुजा कॉफीचे पेले घेऊन आली. "शिक्का यांच्याकडे नाही हो. असता तर यांनी आधी माझ्या सांबारावर मारला असता. इतक्या वर्षांत एकदा 'बरं झालंय' म्हणाले नाहीत."

"वाईट झालंय असंही म्हणालो नाही," अण्णा म्हणाले.

"तेच तर!"

कॉफी संपली, ऊन कलले. अण्णा म्हणाले, "चल, देवळाच्या पुष्करिणीवर जाऊ. तुला आवडणारं जुन्यातलं जुनं गाणं म्हण. मग बोलू."

पुष्करिणी मोठी होती. चारही बाजूंना दगडी पायऱ्या, मध्ये संथ हिरवट पाणी, आणि पलीकडच्या तीरावर माणूस बाहुलीएवढा दिसावा इतके अंतर. तरुणी ऐलतीरावरच्या पायरीवर बसली. अंबुजाही देवाला दिवा लावायच्या निमित्ताने मागोमाग आली होती. तरुणीने बोलपट नवे होते त्या काळातले, रंगभूमीवरून चित्रपटात आलेले एक पद निवडले. जुन्या तबकडीवरून, खरखर काढून टाकून, तिने ते अक्षरशः श्वासाश्वासाने पाठ केले होते. डोळे मिटून, आवाज मुलायम ठेवून, एकेक हरकत नाजूकपणे उलगडत ती गाऊ लागली.

पहिले कडवे संपण्याआधी तिने डोळे उघडले, तर अण्णा उठले होते. तिच्याकडे पाठ करून, काठी टेकत, ते पायऱ्या चढून चालू लागले होते.

ती थांबली. चेहरा उतरला.

"पळाले?" अंबुजा हसली. "मी गायला लागले की असेच पळतात. तू थांबू नकोस. थांबलेलं गाणं त्यांना मुळीच खपत नाही."

"पण त्यांना आवडलं नाही ना."

"ते त्यांना विचार. आत्ता गा."

तरुणी गात राहिली, पण मन गाण्यात नव्हते. म्हातारा माणूस पुष्करिणीला वळसा घालून संथपणे निघाला होता. एक कोपरा, मग दुसरा. शेवटी अगदी समोर, पैलतीरावर, तो पायरीवर टेकला आणि त्याने कानामागे हात धरला. मग डोके हलवले: नाही.

ऐकू येत नव्हते!

तिने आवाज वाढवला. त्याने पुन्हा डोके हलवले. तिने आणखी वाढवला, तेव्हा तिच्या लक्षात आले की या पट्टीत नुसते ओरडून भागत नाही. मग तिने पट्टीच चढवली. नाजूक हरकती आपोआप गळून पडल्या, कारण पाण्यावरून त्या जातच नव्हत्या. शब्द सुटे करावे लागले. सूर सरळ, टोकदार, भाल्यासारखा फेकावा लागला. देवळाच्या पायरीवरची दोन माणसे वळून पाहू लागली. पैलतीरावरचा हात कानावरून निघाला आणि मांडीवर ताल धरू लागला. आणि त्या क्षणी तिला प्रथमच ते पद कळले. तबकडीवर जे तिला केवळ जुने आणि भव्य वाटत असे, ते खरे तर कुणालातरी मारलेली हाक होते.

अण्णा परत येऊन टेकले तेव्हा त्यांना धाप लागली होती. अंबुजाने तांब्यातले पाणी दिले आणि चार शब्दही ऐकवले. "या वयात प्रदक्षिणा! देवाला घालता तर पुण्य तरी लागलं असतं."

"देवालाच घातली," अण्णा म्हणाले. मग तरुणीकडे वळले.

"माझे वडील नाटकमंडळीत गात, अम्मा. या देवळासमोर मांडव उभा राहायचा. वाळूत बसलेल्या शेवटच्या माणसापर्यंत पद पोचायला हवं, म्हणून तेव्हा सगळेच चढ्या पट्टीत गात. पण माझ्या वडिलांचा आवाज मांडव ओलांडून जायचा. लोक म्हणायचे, यांना गर्व आहे. गर्व नव्हता. आमचं घर तेव्हा पैलतीरावर होतं. माझी आई नाटकाला कधी गेली नाही. आमच्या घरच्या बायकांनी जायची रीत नव्हती. ती परसात उभी राहायची. मी तिच्या कडेवर. वडील इथून गायचे ते तिथपर्यंत. म्हणून त्या काळच्या कुठल्याही पदाला मी नेहमी तिथे जाऊन बसतो. ते तिथलं गाणं आहे."



"पुढे बोलपट आले. वडिलांना मद्रासहून बोलावणं आलं. केवढा आनंद! स्टुडिओत माइक लावलेला, आणि वडील त्याच्यासमोर उभे राहून गायले ते पैलतीरापर्यंत. यंत्र थरथरलं, आवाज फाटला. रेकॉर्डिंगचे साहेब म्हणाले, हळू गा. वडील म्हणाले, हळू तर आजारी माणूस गातो. दोनदा, तीनदा तेच झालं. त्यांना घरी पाठवलं. पुन्हा ते चित्रपटात गायले नाहीत. आयुष्यभर म्हणत राहिले, या माइकने गाणं मारलं."

"आणि ते खरं नव्हतं?"

"त्यांच्यापुरतं खरं होतं. त्यांना कुणी एवढंच सांगायला हवं होतं की, अहो, तुमची बायको आता पैलतीरावर नाही, त्या माइकच्या आत बसली आहे. हात लावाल तर लागेल एवढ्यावर. मग ते कसे गायले असते, याचा विचार मी अजून करतो." अण्णांनी काठीने पायरीवर हलकेच टोकले. "त्याच माइकमुळे आईनं स्वयंपाकघरात बसून रेडिओवर गाणं ऐकलं. जन्मात पहिल्यांदा तिला गाण्यातला श्वास ऐकू आला. ती मला म्हणाली, 'अरे, गाताना दम घेतात होय!' तोवर तिला वाटायचं, गाणारे देव असतात."

तरुणीला आपली पहिली पिढी आठवली. ती मान खाली घालून बसली.

"मग माझी पिढी आली. हॉलभर वादक, एका इशाऱ्यावर सगळ्या व्हायोलिनवाल्यांचे गज एकदम उठायचे. एकाचा सूर चुकला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. ते सुख आता नाही, अम्मा, आणि ते गेल्याचं मला दुःख आहे. खोटं कशाला बोलू? पुढे कॅसेट आली. बसचे ड्रायव्हर रात्रभर गाणी लावू लागले, म्हणून ताल ठसठशीत झाला, कारण इंजिनाच्या घरघरीतून तो पोचायला हवा. आम्ही म्हातारे म्हणालो, नुसता दणदणाट. पण त्या ड्रायव्हरला तोवर गाणं कुणी दिलं होतं? प्रत्येक पिढीनं असा एकेक माणूस गाण्याच्या मांडवात आणून बसवला. जो बाहेर उभा होता, तो. मला तर वाटतं, आपण त्या सगळ्यांचे आभार मानले पाहिजेत. वडिलांचे, माइकचे, कॅसेटवाल्यांचेसुद्धा."

"मग वाईट असं काही नाहीच का, अण्णा?" ती कळवळून म्हणाली. "सगळंच चांगलं? आज इतकी पोकळ गाणी निघतात, ती कुणासाठी?"

"बरोबर विचारलंस. कुणासाठीच नाही, म्हणून तर ती पोकळ. तशी माझ्या वेळेसही निघत. तू ऐकली नाहीस, कारण ती कुणी जपून ठेवली नाहीत. मीच वाजवली आहेत कितीतरी. गाणाऱ्याला ऐकणारा दिसेनासा झाला की गाणं पडतं, मग ते कुठल्या का काळातलं असेना. मघाशी तू गायलीस तेव्हा पद जुनं होतं, सूर शुद्ध होता, आणि समोर कुणी नव्हतं. मी लांब गेलो तेव्हा तुला मी दिसलो." त्यांनी तांब्यातल्या पाण्याचा घोट घेतला. "आता सांग, तुझ्या त्या मित्राचं गाणं कोण ऐकतं?"

तिने आठवून सांगितले. चित्रपटात तिरुप्पूरच्या बनियनच्या गिरणीत काम करणारी एक मुलगी आहे. गिरणीच्याच वसतिगृहात राहते. गावाकडे आई वारली, तिला जाता आले नाही. खोलीत इतर मुली झोपल्या आहेत, म्हणून तिला मोठ्याने रडताही येत नाही. ती इयरफोन लावते. ते गाणे तिच्या कानात आहे.

सांगता सांगता तरुणीचा स्वर स्वतःच्या नकळत खाली आला. शेवटचे वाक्य तर तिने जवळजवळ कुजबुजत म्हटले.

अंबुजा दिव्याची वात सारखी करत होती. तिचा हात तसाच राहिला.

"हं," अण्णा म्हणाले. "त्या पोरीच्या कानात माझे वडील गायले तर ती दचकून उठेल, बिचारी. आणि जवळ गाणं सोपं समजू नकोस. लांबच्या माणसापासून खोटं लपतं. कानाशी ते लपत नाही."

"पण मी तर परदेशात..." ती बोलू लागली आणि थांबली. "तिथे आम्ही गाण्याची उंची मोजायचो."

"ती मोजायलाच हवी. विद्या वाया जात नाही. फक्त उंची मोजताना ऐकणाऱ्याचं अंतरही मोजत जा."

"आणि आता घरी चला," अंबुजा म्हणाली. "नाहीतर सांबार गार होईल, आणि मग तरी तुम्ही त्यावर काही बोलाल अशी मला आशा वाटायला लागेल."

तिघेही हसत उठले.  वाटेत वृद्ध माणसाने तरुणीच्या खांद्यावर हात ठेवला होता. आधार कोण कुणाला देत होते, ते सांगणे कठीण.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अंगणात अंबुजा तांदळाच्या पिठाने कोलम काढत असतानाच, तरुणीने इळंगोला फोन लावला.

"गाते," ती म्हणाली.

पलीकडून आनंदाचा चीत्कार आला. "मग आजच चेन्नईला ये! स्टुडिओ दुपारी मोकळा आहे."

"आज नाही. आज मी तिरुप्पूरची बस पकडते आहे. अशा एखाद्या वसतिगृहात एक दिवस राहून येते. त्या मुलींच्या खाटा एकमेकींपासून किती जवळ असतात, तेवढं मला बघू दे."